सईच्या जॅकेटबद्दल

प्रिय सई,

तुझी रेखाटनं नीट पाहिली. बंदिवासात असलेल्या, नामशेष व्हायला टेकलेल्या प्राण्यांबद्दल अंगावरच्या कपड्यांतून बोलायचं, हे तुझ्या मनात आलं याचा मला फार आनंद झाला. पण वाघाच्या पट्ट्यांचे गज केलेलं ते पहिलं जॅकेट बाजूला ठेव. फोटोत ते छान येईल, आणि भीती तीच आहे. पिंजराच देखणा झाला, तर बघणारा नक्षीला दाद देऊन पुढे जाईल.

तिसरं रेखाटन मात्र सोडू नकोस. कोंडलेला वाघ किंवा अस्वल तासन् तास एकाच रेषेत येरझाऱ्या घालतं, त्याच जागी वळतं, आणि तिथली जमीन झिजून वाट पडते. ती वाट तू पाठीवर धावदोऱ्याने काढली आहेस. दोरा एकदाच फिरवू नकोस. त्याच रेषेवरून टाक्यावर टाके घाल, इतके की कापड आक्रसेल आणि बोटाला वण लागेल. वळणावर ते आणखी दाट येऊ देत. बाकी पाठ कोरी ठेव. एकटा पडलेला पोपट स्वतःची पिसं उपटतो. त्याच्या सदऱ्याला भरतकाम नकोच, छातीपाशी कापडाचे धागे ओढून काढून बघ.

नकली फर आणि बिबट्याचे ठिपके घेऊ नकोस, असं मी आग्रहाने सांगेन. कातडं खोटं असलं तरी हौस कातड्याचीच वाढते. टोप्यांत पिसं खोवायच्या फॅशनपायी बगळ्यांच्या वसाहती मारल्या गेल्या, आणि त्याविरुद्ध 1889 मध्ये इंग्लंडात एमिली विल्यमसन यांनी बायकांना एकत्र आणून पक्षीरक्षणाची संस्था काढली. खाण्यासाठी न मारलेल्या पक्ष्यांची पिसं घालणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं; सूट फक्त शहामृगाच्या पिसांना.

किती नग शिवायचे, हेही डिझाइनच आहे. 2018 मध्ये लाकोस्त या फ्रेंच कपड्यांच्या कंपनीने शर्टावरच्या आपल्या मगरीच्या चिन्हाच्या जागी दहा संकटग्रस्त प्राणी आणले आणि ज्या प्राण्याचे रानात जितके जीव उरले होते, तितकेच शर्ट काढले. सगळे मिळून 1,775. तुझ्या मालिकेत उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याचे दोनच कोट असावेत. सुदान हा शेवटचा नर मार्च 2018 मध्ये गेला. उरल्या आहेत नाजिन आणि फातू, केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यात, पहाऱ्यात. त्या मायलेकी आहेत गं. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

पण सगळा बंदिवास एकाच मापाने मोजू नकोस. कॅलिफोर्नियातली कॉन्डर गिधाडं 1987 मध्ये एकूण 27 उरली होती. मोकळी होती तीही पकडून आणली, पिल्लं वाढवली, आणि आज शेकडो पक्षी पुन्हा आभाळात आहेत. म्हणून प्रत्येक कपड्याच्या आत, गळ्यापाशी, एक पट्टी शिव: कोणता प्राणी, कुठे आहे, का कोंडलाय आणि त्याला परत सोडायचा काही बेत आहे का. कुणी विचारलं तर घालणाऱ्याला चार वाक्यं खरी सांगता आली पाहिजेत.

आणि खिसे ठेव, धुता येईल असं कापड घे. रोज वापरता आलं नाही तर ते कपाटातच राहील. पाठीचा भाग आधी मांजरपाटावर शिवून बघ, आक्रसल्यावर माप किती हलतं ते कळेल. दोरा कापडाच्याच रंगाजवळचा घे, काळा नको.

तुझी,
आई