भाऊचा धक्का ते उरण : लाँच कधी बंद तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवण्यांत वन डे पिकनिकवर जे येतं ते सगळं स्वतःची गाडी आणि रिसॉर्ट धरूनच, म्हणजे माणशी दोन हजार गेलेच. गाडी नसलेल्यांनी काय घरीच बसायचं? म्हणून हे पत्र.

आम्ही मैत्रिणी सकाळी हार्बरने डॉकयार्ड रोडला उतरलो, तिथून चालत भाऊचा धक्का आणि मोऱ्याची, म्हणजे उरणजवळच्या मोरा बंदराची, लाँच. वरती बसायचं, खाली इंजिनचा आवाज फार. पुढे दोरीने बांधलेल्या बाइक, रिकाम्या टोपल्या घेऊन घरी निघालेल्या मावश्या, एका बाजूला बुचर आयलंडच्या तेलाच्या टाक्या, मग घारापुरी, लांबवर न्हावाशेवाच्या क्रेन, पाऊण-एक तास गेला कधी कळलंच नाही. मोऱ्याहून शेअर रिक्षाने उरण, पिरवाडीचा किनारा, दुपारी खानावळीत मांदेली फ्राय आणि गरम तांदळाची भाकरी, तेही अगदी पोटभर. परत येताना लाँच नाही, लोकल! जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत ट्रेन आली म्हणून ही गोल ट्रिप जमते, नेरूळला गाडी बदलली की झालं. फक्त उरणच्या गाड्या विरळ आहेत, वेळ बघूनच स्टेशनला जा, आणि रविवारी मेगाब्लॉक आहे का तेही बघा. जेवण धरून माणशी चारशेसुद्धा लागले नाहीत.

आता मुद्द्याचं. मोरा बंदरात गाळ साचलाय, त्यामुळे मोठ्या ओहोटीला, विशेषतः अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, लाँच धक्क्याला लागूच शकत नाही आणि काही तास फेऱ्या बंद राहतात. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. रोजच्या लोकांना हे पाठ असतं हो, पण नवीन माणूस लहान मुलं, म्हातारी माणसं घेऊन धक्क्यावर येतो आणि तिथे त्याला कळतं की आता दोन-तीन तास काही नाही, बसायला धड सावलीसुद्धा नाही, मग लोक वैतागून घरी जातात आणि परत कधी येत नाहीत.

पेपरात भरती-ओहोटीच्या वेळा येतातच. त्याच्याच खाली शनिवारी एक ओळ वाढवा, उद्या मोऱ्याची लाँच अमुक ते अमुक बंद. आणि डॉकयार्ड रोड स्टेशनवर रोज खडूने लिहिलेला एक फळा संबंधितांनी लावावा, त्याला टेंडर लागत नाही.

आपली,
एक वाचक, परळ