वसई किल्ल्याची पायवाट आखून द्या : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

वसई किल्ला पाहायला आलेले बहुतेक जण एखाद्या चर्चच्या कमानीत फोटो काढतात, चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला नमस्कार करतात आणि तासाभरात परततात. दोष त्यांचा नाही. सुमारे 110 एकरांवरचं, तटाने वेढलेलं हे अख्खं शहर आहे. त्यात शिरायचं कुठून आणि आधी काय पाहायचं, हे सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून आमची मागणी एकच : दिवसभराची पायवाट आखून द्या.

सुरुवात सकाळी आठला, जमिनीकडच्या दरवाजापासून. आत शिरताना वाट सरळ न जाता वळण घेते. शत्रूच्या मुसंडीला जोर मिळू नये म्हणून ही रचना असते, आणि ते तिथे उभं राहूनच समजतं. मे 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून किल्ला घेताना मराठ्यांच्या सुरुंगांनी तटाला खिंडार पाडलं ते याच अंगाला. पुढे जुना बालेकिल्ला, मग जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचं चर्च. ख्रिस्ती संत गोन्सालो गार्सिया हे वसईचेच. 1597 साली नागासाकीत ते हुतात्मा झाले आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो फ्रान्सिस्कन धर्मसंघाच्या चर्चमध्ये. तिथे नजर जमिनीकडे हवी. फरशीत पोर्तुगीज लेख आणि कुलचिन्हं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. पावसाळ्यात अक्षरांच्या खोबणीत पाणी साचतं, शेवाळ धरतं. ते कुणी तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने काढलं, की अक्षरांच्या कडाच जातात. मऊ नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी पुरतं. शिळांवरून चालणं थांबवायचं तर दगडात खिळा न ठोकता, सुटी ठेवता येईल अशी लाकडी फळ्यांची वाट करावी.

दुपारी उन्हाचा कडाका असतो, तेव्हा नागेश्वर मंदिराच्या परिसरात थांबावं. ऊन उतरल्यावर सेंट जोसेफ चर्च. 1601 साली आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या काळात त्याची पुनर्बांधणी झाल्याचा कोरीव लेख तिथे आहे, पण मान वर केल्याशिवाय दिसत नाही. शेवट जवळच्याच बंदराकडच्या दरवाजात. त्याच्या जाड लाकडी फळ्यांवरचं लोखंडी जडकाम जवळून पाहण्यासारखं आहे. वसईचा दगड जहाजांनी गोव्याला जाई. तिथल्या बॉम जीझस बॅसिलिका या चर्चच्या दर्शनी भागावरचं कोरीव काम त्याच दगडातलं. ही गोष्ट खाडीकाठी उभं राहून सांगायची.

हे स्मारक केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे दगडाला हात लावणं आपल्या खात्याच्या हाती नाही, हे आम्ही जाणतो. तटावरच्या पिंपळाबद्दल मात्र आपण संबंधितांशी बोलावं. वरून छाटला की तो पुन्हा फुटतो. मोठं मूळ उपटलं तर त्याने धरलेले दगडच कोसळतात. बुंध्याला भोकं पाडून औषध भरायचं, मूळ मेल्यावर तुकड्यातुकड्यांनी काढायचं आणि पोकळीत पातळ चुना भरायचा. सिमेंट अजिबात नको. ओल आणि क्षार त्यात अडकतात आणि शेजारच्या दगडाचे पापुद्रे सुटतात.

आपल्या हातातलं मात्र पुष्कळ आहे. 2024 पासून भाईंदर–वसई रो-रो (गाड्यांसह माणसं नेणारी बोट) सुरू आहे. पहिला नकाशाफलक धक्क्यावर लावा, दुसरा वसई रोड स्थानकाबाहेरच्या बसथांब्यावर. तटाच्या आतल्या फलकांसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल, तो प्रस्ताव वेगळा पाठवा, म्हणजे एकापायी दुसरं अडणार नाही. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरांत नवं बांधकाम चालत नाही. तेव्हा स्वच्छतागृह त्या पलीकडे बांधावं किंवा परवानगी घेऊन आधीच्या बांधकामाची दुरुस्ती करावी. पुढच्या 200 मीटरांतही परवानगी लागतेच, हे आराखडा करतानाच धरून चालावं.

वाटाडे किल्लाबंदर आणि पाचूबंदरच्या कोळीवाड्यांतले घ्या. भरती-ओहोटी त्यांना तोंडपाठ असते आणि खाडीकाठचा तट पायथ्यापासून दाखवायचा तर ओहोटीच गाठावी लागते. त्यांना पोर्तुगीज लेख वाचायला शिकवावं, मानधन ठरवून द्यावं. पावसाळ्यानंतर गवत कापलं की नोव्हेंबरमध्ये ही पायवाट सुरू करता येईल. त्यासाठी नकाशाचं काम जूनच्या आत हाती घ्यावं, ही विनंती.

आपले,
वसई किल्ल्याचे अभ्यासक आणि वाटाडे