कोणाचे हात मोकळे झाले?

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

पंच्याहत्तरी ओलांडलेल्या राज्यघटनेला आपण किती दिवस कवटाळून बसायचं, असं विचारतोस. अरे, ती लिहिणाऱ्यांनी तरी कुठे कवटाळली? 25 नोव्हेंबर 1949च्या भाषणात बाबासाहेबांनी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचा दाखला दिला होता, की एका पिढीला पुढच्या पिढीला बांधून ठेवायचा हक्क नाही. पहिली दुरुस्ती 1951 मध्येच झाली, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्याही आधी! पुढे 61व्या दुरुस्तीने मतदानाचं वय 21वरून 18वर आणलं. गावोगाव सरपंचपदी बायका दिसू लागल्या त्या 73व्या दुरुस्तीतल्या आरक्षणामुळे.

तेव्हा बदल हवाच. मला धास्ती आहे ती प्रगतीच्या नावाखाली काय खपवलं जातं याची. 1976ची 42वी दुरुस्ती आठव. सामाजिक-आर्थिक क्रांतीच्या वाटेतले अडथळे दूर करायचे, असं तिच्या उद्देशात लिहिलं होतं. केलं काय? लोकसभेची मुदत सहा वर्षं केली, आणि घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही अशी तजवीज केली. मुदत 44व्या दुरुस्तीने पुन्हा पाचावर आणली. ती तजवीज 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली. म्हणून कुठलीही दुरुस्ती आली की मी आधी बघतो, हात कोणाचे मोकळे झाले: नागरिकाचे की सरकारचे?

आणि प्रत्येक वेळी शब्द बदलावेच लागतात असंही नाही. आणीबाणीत स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येणार नाही, असा निकाल चार विरुद्ध एक असा लागला. विरोधातले एकटे न्या. खन्ना, बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूड. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा तो जुना निकाल चुकीचा होता असं लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव धनंजय होते. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या 21व्या कलमाचं अक्षरही बदललेलं नव्हतं.

पण न्यायाधीशांवर सगळं सोडून निजावं, असंही नाही. संसदेला घटनेचा गाभा मोडता येणार नाही, हे 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात ठरलं ते सात विरुद्ध सहा मतांनी. एक न्यायमूर्ती पलीकडे गेले असते तर? निकाल मला पटतो, पण तो आकडा आठवला की धस्स होतं.

सगळी घटना नव्याने लिहायचा तुझा हट्ट मला मान्य नाही. एकेक कलम घेऊन बोलू. मला विचारशील तर राज्यपालांनी विधेयक किती दिवस अडवून ठेवावं, याला 200व्या कलमात ठरावीक मुदत नाही. मी आधी ती घालेन. तू कुठून सुरुवात करशील ते लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर