घसरलेल्या मोज्यांचा जादूगार

महोदय,

बास्केटबॉलमध्ये कुणी न बघता पाठीमागून पास दिला, की मला अमेरिकेचा खेळाडू पीट मॅराविच आठवतो. घोट्यावर घसरलेले मोजे, कपाळावर उडणारे केस आणि चेंडू जणू हाताला बांधलेला! लहानपणी वडील गाडी चालवत आणि हा बाहेर हात काढून रस्त्यावर चेंडू टप्पे देत नेई. लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून ३ हंगामांत ३,६६७ गुण, तेही लांबून टाकलेल्या बास्केटला दोनाऐवजी तीन गुण देणारी रेषा नसताना! 'नुसता दिखाऊ' म्हणून नाकं मुरडणारेही होतेच. १९८८ मध्ये, वयाच्या ४०व्या वर्षी, खेळतानाच तो कोसळला. हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी जन्मतःच नव्हती, हे शवविच्छेदनात कळलं. आणि गडी १० हंगाम एनबीए, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, खेळला होता!

– एक वाचक, कोल्हापूर