फिर्याद मराठीत, नोंद कन्नडमध्ये, तपास कंबोडियात

संपादक महाशय,

कालच्या अंकातला प्रत्यार्पणावरचा, म्हणजे परदेशातला आरोपी ताब्यात मिळवण्यावरचा, अग्रलेख वाचला. एप्रिल २०२५ मध्ये २६/११ हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणले, याचा मलाही आनंद आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालकडून मिळवताना फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, असा शब्द भारताला द्यावा लागला होता, तेही लिहायला हवे होते. पण माझे म्हणणे वेगळे आहे. माणूस धरून आणला म्हणजे झाले दोन देशांचे सहकार्य, असा समज अशा लेखांमुळे होतो. फोनवरून फसवल्या गेलेल्या आमच्यासारख्यांना तर गुन्हेगार कोण हेच माहीत नसते. फोन कुठून आला, पैसे पुढे कोणत्या खात्यात गेले, एवढे तिकडून कळले तरी तपास हलेल. त्यावर तुमच्या अग्रलेखात एक ओळ नाही.

माझेच सांगतो. मी कर्नाटकातल्या खानापूरचा. गेल्या वर्षी 'मुंबई पोलीस' म्हणून व्हिडिओ कॉल आला. दोन दिवस आम्हा नवरा-बायकोला खोलीबाहेर पडू दिले नाही. मुदत ठेव मोडून पावणेचार लाख भरले. नंबर ८५५ ने सुरू होणारा, म्हणजे कंबोडियाचा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवले, मग पोलीस ठाण्यात गेलो. मी मराठीत सांगत होतो, समोर कन्नडमध्ये टाइप होत होते. वाचून दाखवले तेही कन्नडमध्ये, भरभर. मी सही केली. आठवड्याने कन्नड माध्यमात शिकलेल्या भाच्याने प्रत वाचली, तर पावणेचारचे सव्वाचार झालेले! बँकेचा उतारा एक सांगतो, फिर्याद दुसरेच. दुरुस्तीचा अर्ज दिला, त्याचे उत्तर अजून नाही.

कंबोडियाशी २०१८ मध्ये फौजदारी प्रकरणांत परस्पर साहाय्याचा करार झाला आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ११२ प्रमाणे तपास अधिकाऱ्याच्या अर्जावरून न्यायालय परदेशाला तपासात मदत मागणारे विनंतीपत्र काढू शकते. ते केंद्र सरकारमार्फत जाते, आणि तो देश मागेल त्या भाषेत अनुवाद जोडावा लागतो. म्हणजे माझे मराठी बोलणे आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत, मग आणखी पुढे. पहिल्याच पायरीवर आकडा चुकला, तर शेवटी तो कागद वाचणाऱ्या परक्या न्यायाधीशाने कशावर विश्वास ठेवायचा?

परदेशाचे राहू द्या. पैसे पहिल्यांदा गेले ते गडहिंग्लजच्या एका खात्यात. शिनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र, तिथे कोणताही करार लागत नाही. त्या खात्याची माहिती आली का, हे विचारायला मी सहा वेळा खानापूरहून बेळगावला गेलो. दर वेळी उत्तर एकच, 'पत्र पाठवलंय.'

गाऱ्हाणे मांडणारा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, असे घटनेचे कलम ३५० सांगते. सीमाभागात मराठी माणसाची फिर्याद मराठीत लिहून घ्या आणि खाली कन्नड अनुवाद जोडा, एवढेच मागणे आहे. यात कन्नडचा कसलाही अपमान नाही. माझा भाचा कन्नडमध्येच शिकला, आम्हाला त्याचा अभिमान आहे.

तुमच्या बातमीदाराने जिल्हा न्यायालयात एवढे विचारून छापावे: सायबर फसवणुकीच्या प्रकरणांत बेळगाव जिल्ह्यातून आजवर परदेशी किती विनंतीपत्रे गेली, आणि किती उत्तरे आली?

– एक निवृत्त शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)