दिवसाला चार घनफूट

कन्नड,
१८ नोव्हेंबर

चि. रवी,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला बिनसतं, म्हणून लिहितोय. तुझी आई म्हणाली, व्हॉट्सॲपवर टाका. पण तिथे तू निळ्या खुणा करून गप्प बसतोस. पाकीट हातात आलं की माणूस निदान फोडतो तरी.

दिवाळीत वेरूळला मी तुझा हात धरून मोबाइल खाली केला, ते चुकलं. स्नेहलसमोर, त्या सहलीच्या पोरांसमोर, तेहतीस वर्षांच्या मुलाचा हात असा धरायचा नसतो. घरी आल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तुम्ही निघालात तेव्हा मी मुद्दाम गोठ्यात जाऊन बसलो, तेही चुकलंच. ओवीला टाटा करायचं राहून गेलं.

लशीबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. आईला तसा शब्द दिलाय.

वेरूळचं कैलास देऊळ परग्रहावरून यानातून आलेल्यांनी केलं, असं सांगणारा तुझा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. खोटं कशाला सांगू, तुझा आवाज छान लागलाय. समोरच्या कुलकर्ण्यांनी विचारलं, "तुमचा रवी का हा?" तेव्हा मी हो म्हणालो आणि मला बरं वाटलं. मग पुढचं वाक्य आलं, "हे माणसाच्या हाताचं काम असूच शकत नाही." कुलकर्णी मान डोलवत होते. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेलो.

रवी, तू सात वर्षांचा होतास तेव्हा मी तुला सोळा नंबरच्या, म्हणजे कैलासाच्या लेण्यात, मागच्या कड्याच्या पायथ्याशी नेलं होतं. आठवतं? तिथल्या भिंतीवर टाकीच्या तिरप्या रेघा आहेत, एकाशेजारी एक, नांगरलेल्या वावरासारख्या. त्यातल्या एका खोबणीत तुझी करंगळी बरोबर बसली. तू विचारलंस, "बाबा, हे अण्णांनी केलं?" मी हसलो. तुझे आजोबा, अण्णा, हयात होते तेव्हा. घरी येऊन मी त्यांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "आपल्यातल्याच कुणी केलं असंल." मग डाव्या डोळ्याला धोतराचं टोक लावून बसले. त्या डोळ्याचं तुला माहीतच आहे.

तुझ्या व्हिडिओतला हिशोब असा: चार लाख टन दगड, अठरा वर्षं, रोज बारा तास, म्हणजे ताशी पाच टन, म्हणजे अशक्य. आकडे ऐकले की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. बावीस वर्षं रोजगार हमीच्या कामांवर हजेरी सहायक होतो मी. मस्टर भरायचं, टेप लावायची, खड्डा मोजायचा, ब्रास काढायचे, शंभर घनफुटांचा एक. कितीही मोठं काम असलं तरी खड्डा शेवटी लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली.

तर कैलासाचा खड्डा सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, आणि मागचा कडा १०७ फूट उंच. सगळं गुणलं तर पंचेचाळीस लाख घनफूट. पण खड्डा पुढे उतरत आलाय, आणि मधे अख्खं देऊळ दगडातच उभं ठेवलंय, ते काढलेलं नाही. निम्मं धर. साडेबावीस लाख घनफूट. तुझे चार लाख टन तिथेच निम्म्यावर आले बघ.

डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञ ढवळीकर सरांनी हा हिशोब आधीच मांडून ठेवलाय. एक माणूस दिवसाला चार घनफूट दगड काढतो, अडीचशे माणसं लावली तर साडेपाच वर्षं. माझ्या पद्धतीने मी पावसाळा, सण, आजारपण धरलं. वर्षाला तीनशे दिवस, अडीचशे माणसं, रोजचे दहा ब्रास. साडेसात वर्षं आली. कोरीव काम वेगळं, त्याला पुढे पिढ्या लागल्या असतील, तेही मान्य. पण अडीचशे माणसं रे! एवढी तर माझ्या एकेका पाझर तलावाच्या मस्टरवर असायची. राष्ट्रकूटांच्या कृष्णराजाला अडीचशे माणसं मिळाली नसतील?

काढलेला दगड कुठे गेला, असं तू डोळे मोठे करून विचारतोस. मी तुला सांगतो, कामावरचा दगड कधी शिल्लक राहिलेला मी पाहिला नाही. रात्रीतून जातो. बांधाला जातो, जोत्याला जातो, रस्त्याखाली जातो. आपल्या न्हाणीतली फरशी कुठून आली ते आईला विचार, मी लिहीत नाही.

आणि एवढंच असेल तर दौलताबादचा कडा बघ. अख्खा डोंगर गोल तासलाय, खाली कातळात खंदक काढलाय. तिथे कुणाला यान उतरलेलं दिसत नाही. तीस नंबरचं लेणं बघ, छोटा कैलास. अर्धवट सोडलेलं काम आहे ते. परग्रहावरून आलेल्यांचं काय बजेट संपलं? की मुकादम पळाला?

बघ, भाषण सुरू झालं. सॉरी. आई इथे असती तर कोपर मारलं असतं.

तुला आवडेल असंही एक सांगतो. बडोद्याला एक ताम्रपट सापडलाय, कर्कराजाचा, साधारण इ. स. ८१२ चा, म्हणजे देऊळ उभं राहिल्यावर दोन पिढ्यांत लिहिलेला. त्यात म्हटलंय की विमानातून जाणारे देव हे देऊळ बघून चकित झाले, म्हणाले हे स्वयंभूच असणार, केलेल्या वस्तूत एवढं सौंदर्य कुठलं. (विमान शब्द आला म्हणून लगेच मोबाइल उघडू नकोस.) खरी गंमत पुढे आहे. ज्याने ते केलं तो कारागीरच शेवटी अचंब्याने म्हणतो, अरे, हे मी केलं तरी कसं! पुन्हा असं जमणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अण्णा आठवले. गव्हाणे पाटलांच्या मळ्यातली विहीर पुरी झाली त्या दिवशी ते काठावर पाय सोडून बसले होते. एक्कावन्न फूट. सुरुंगाला दारू होती, कबूल, पण बाजू सगळ्या घण आणि छिन्नीने उतरवलेल्या, ओळंबा लावून. खाली पाणी चमकत होतं. ते बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "आपुनच खांदली का रं ही?" त्यांना वाचता येत नव्हतं. ताम्रपट तर दूरच.

त्याच माणसाच्या नातवाने चाळीस हजार लोकांना सांगावं की हे माणसाचं काम नाही. मला तेवढंच लागलं बघ. यान खरं की खोटं याच्याशी मला काही देणंघेणं नाही. आकाशात कुठेतरी कुणीतरी असेलही, एवढं मोठं आहे ते. आले तर चहा पाजू. पण बाहत्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आख्खं गाव खडी फोडायला बसलं होतं. बायका पोरं पाठीशी बांधून फोडत होत्या. दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. मी अण्णांच्या शेजारी बसून लहान हातोडीने फोडायचो. संध्याकाळी ढिगावर चुन्याने खूण करत, आणि सकाळी नवीन ढीग. माणसाच्या हाताने किती दगड फुटतो ते मी पाहिलंय. तू नाही पाहिलंस, त्यात तुझा दोष नाही. तुला ते बघावं लागू नये म्हणूनच तर सगळं केलं. आता तेच आडवं येतंय.

मी काही फार शहाणा होतो असंही समजू नकोस. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार, गणपती दूध पितोय म्हणून सगळीकडे बोंब झाली. तू तीन वर्षांचा. तुला खांद्यावर घेऊन मी मारुतीच्या देवळाबाजूच्या गणपतीपुढे दीड तास रांगेत होतो. माझा नंबर आला. चमचा सोंडेला टेकवला आणि दूध खरंच गेलं. अंगावर काटा आला. तू टाळ्या वाजवल्यास. पण मी खाली वाकलो तेव्हा मला दिसलं, मूर्तीच्या पोटावरून बारीक धार उतरत होती, ओल्या शेंदरावर लक्षात येत नव्हती, आणि चौरंगाखाली दुधाचं थारोळं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात शास्त्रज्ञांनी पृष्ठताण का काय ते समजावून सांगितलंच. मी मात्र आदल्या दिवशीच पाहिलं होतं आणि कुणालाच बोललो नाही. तुझ्या आजीलाही नाही. इतके सगळे आनंदात होते की त्यांच्यातून वेगळं व्हावंसं वाटलं नाही. तुला मी एकट्याने ओरडलो, तेव्हा हे मला आठवायला हवं होतं.

म्हणून तुला काय होतं ते मला थोडं कळतं. तो दोन हजार बावीसचा गुढीपाडवा आठव. रात्री आकाशातून पेटती रांग गेली, आणि सिंदेवाहीच्या मावशीचा फोन आला की शेजारच्या लाडबोरीत माणसापेक्षा मोठी धातूची कडी पडलीय. तू रात्रभर जागा होतास. तुझ्या आवाजात इतका आनंद मी दहावीच्या निकालानंतर ऐकला नव्हता. मग इस्रोची माणसं येऊन बघून गेली, खगोलशास्त्रज्ञांनी चिनी रॉकेटचा तुकडा असावा म्हणून सांगितलं. मला वाटलं तू म्हणशील, बरं, तसं असेल. तू म्हणालास, "ते असंच सांगणार." तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली. कडी समोर पडली तरी पुरावा, आणि कडीचा खुलासा झाला तरी पुरावाच. मग चुकलं कधी म्हणायचं? मस्टरवर खाडाखोड करायलासुद्धा जागा सोडतात रे.

यानापर्यंत ठीक होतं. यानाने कुणाचं काय बिघडतंय. पण दिवाळीत वेरूळहून परतताना गाडीत तू म्हणालास, "लशीबद्दल पण ते असंच सांगतात." आणि स्नेहल खिडकीबाहेर बघायला लागली.

शब्द मोडतोय. आईला सांगू नकोस.

ओवीला अकरा महिने झाले. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने भरले की असतो. मनीषाने मला सगळं समजावलंय, ती काही कंपनीची एजंट नाही, तुझी बहीण आहे. लशीने मुलांना ऑटिझम होतो हे ज्या डॉक्टरने १९९८ मध्ये छापलं, त्याने बारा मुलांवरून लिहिलं होतं. बारा! त्याचा तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि त्याचा परवानाही गेला. तू म्हणशील, त्याला गप्प केलं. म्हण. पण २०२२ मध्ये गोवंडीत, भिवंडीत गोवराने मुलं गेली, ती कुणाच्या व्हिडिओतली नव्हती.

आपल्या शकूला गोवर आला त्या वेळी इकडे सरकारी दवाखान्यात ती लस मिळत नव्हती, ती पंच्याऐंशीनंतर आली. तेव्हा दाराला लिंबाचा डहाळा लावला होता, फोडणी बंद होती, आणि आजी सांगत होती की देवी आपणहून जाईल. मी दारात बसून डहाळ्याची पानं मोजत होतो. मला मोजायची खोड तेव्हापासूनची. पुढचं तुला माहीत आहे, आणि माहीत नसेल तर आईला विचारू नकोस, मलाच विचार. सांगेन कधीतरी.

आजीची श्रद्धा होती, तिच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. तुझ्यापुढे आहे, घरापासून चालत दहा मिनिटांवर.

जास्त झालं का? झालंच असेल. तू बाप आहेस तिचा, आणि चांगला बाप आहेस. रात्री तीनला उठून तिला खांद्यावर घेऊन फिरताना मी तुला पाहिलं, ओसरीवरून. मी तुझ्यासाठी एवढं केलं नव्हतं. तेव्हा बापाला असं उठायची पद्धतच नव्हती, ही माझी सबब. शंका घेतोस याचंही मला वाईट वाटत नाही. लहानपणी तू घड्याळ उघडून बसायचास, मी मारायचो, ते नको होतं करायला. शंका घे. फक्त जिथे उत्तर तुझ्या मनासारखं येतं, तिथेही एकदा टेप लावून बघ.

व्हिडिओ काढून टाक असं मी म्हणत नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा तो मागचा कडा दाखव लोकांना, त्या रेघा. उन्हं तिरपी असताना जा, चारच्या सुमाराला. तेव्हा दिसतात. मी टेप घेऊन येईन, पण कॅमेऱ्यापुढे येणार नाही.

इकडे सगळे बरे. आईचे गुडघे तसेच. गाय गाभण आहे. मका झाला, भाव नाही.

तुझा
बाबा

ता. क. स्नेहलची निळी पिशवी इथे राहिली. त्यात दोन झबली, खुळखुळा आणि ओवीचं लसीचं कार्ड आहे. टपालाने पाठवलं तर हरवेल. शनिवारी सकाळच्या एसटीने घेऊन येतो. मी काही बोलणार नाही. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, रिक्षाने येईन.