मा. वित्तमंत्री, तुमचा वाहतूक भत्ता कळे गावाच्या पुढं संपतो

प्रति,
मा. वित्तमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मुंबई-पुणे-नागपूर सोडून बाकीच्या महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्यांचा वाहतूक भत्ता, आणि त्यातूनही झालेली कपात

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असता, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसले आहे. जमेल असं वाटत नाही.

माझे मिस्टर राज्य शासनाच्या सेवेत वरिष्ठ लिपिक आहेत. आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीला राहतो आणि त्यांचं कार्यालय गगनबावड्याला आहे. कोणतं ते सांगत नाही. वर्तणूक नियम १९७९ प्रमाणे शासनाच्या धोरणावर जाहीर बोलायची त्यांना मुभा नाही. मला आहे. माझं सेवापुस्तक तुमच्याकडं नाही.

जुलैमध्ये ते मोटरसायकलवरून कामावर जाताना साळवणच्या अलीकडं पडले. पाऊस धो धो, रस्त्यावर पाणी, खड्डा कुठं आणि रस्ता कुठं काही कळत नव्हतं. गुडघ्याखाली हाड मोडलं, प्लेट बसवली. ऑगस्ट अख्खा रजेत गेला. मग ऑगस्टचं पगारपत्रक आलं. सेवार्थमधून, म्हणजे शासनाच्या पगाराच्या संगणक प्रणालीतून, निघालेला तो कागद मी स्वतः वाचला. वाहतूक भत्ता : शून्य. कार्यालयात फोन केला तर पलीकडचे गृहस्थ फार नम्रपणे म्हणाले, "वहिनी, नियमच आहे. पूर्ण कॅलेंडर महिना रजा असली की भत्ता देता येत नाही. येणं-जाणंच नाही ना झालं."

खरंच की. येणं-जाणं करताना पाय मोडला म्हणून येणं-जाणं झालं नाही, आणि येणं-जाणं झालं नाही म्हणून येण्या-जाण्याचे पैसे नाहीत. नियमात फट नाही. ज्यानं कुणी तो लिहिला त्याला माझा नमस्कार सांगा.

आता कापलेली रक्कम ऐका : १३५० रुपये. एवढ्यासाठी बाई मंत्र्याला पत्र लिहिते, असं तुमच्या स्वीय सहायकांना वाटेल. १३५० गेले याचा राग आहेच, पण मुळात ते १३५०च का, हा राग त्याहून जुना आहे.

२० एप्रिल २०२२ चा तुमच्याच वित्त विभागाचा शासन निर्णय काढून बघा. एस-७ ते एस-१९ या वेतनस्तरांतल्या कर्मचाऱ्याला बृहन्मुंबई, पुणे आणि नागपूर इथं २७००, आणि 'इतर ठिकाणी' १३५०. एस-२० आणि वरच्यांना ५४०० आणि २७००. खालच्या शिपायाला आणि नवीन लागलेल्या लिपिकाला १००० आणि ६७५. आमच्या गल्लीतली एक पोरगी दोन वर्षांपूर्वी परीक्षा देऊन शासनात लागली, पेढे वाटले तिनं. तिला महिन्याला ६७५ मिळतात. पाच दिवसांचा आठवडा धरला तर दिवसाला तीस रुपये. कोल्हापुरात तीस रुपयांत रिक्षावाला मीटर पाडून तुमच्याकडं नुसता बघतो.

आमच्या घरचा हिशेब सांगते. कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ११०. गाडी लिटरला पन्नास देते, पेट्रोल शंभरीच्या वर. रोज सव्वादोनशेचं पेट्रोल लागतं, महिन्याला पाच हजार. टायर, ऑइल आणि पावसाळ्यात दर आठवड्याला आवळावी लागणारी चेन मी धरलेलीच नाही. भत्ता पडतो दिवसाला एकसष्ट रुपये. त्या पैशाच्या पेट्रोलमध्ये गाडी एकोणतीस किलोमीटर जाते. म्हणजे शासन माझ्या नवऱ्याला बालिंग्याचा पूल ओलांडून देतं, वाटेतल्या कळे गावाच्या थोडं पुढं नेऊन सोडतं, आणि म्हणतं, आता चला. परतीचं तर नावच नाही.

"एसटीनं जावं," असं कुणीतरी म्हणेलच. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्क्यांनी वाढलं होतं. आता एकेरी तिकीट शंभराच्या आसपास जातं. महिन्याच्या पासाला वीस दिवसांचं भाडं भरावं लागतं, तो चार हजारांच्या घरात. वाढ करताना तुम्ही दोन दशांश स्थळांपर्यंत मोजता आणि भत्ता २०२२ मध्ये ठेवला तिथंच आहे. मी बाई म्हणून एसटीत अर्ध्या तिकिटात जाते, त्याबद्दल आभार. त्यांची नोकरी मी केली असती तर थोडं तरी परवडलं असतं.

आणि कार्यालयाची वेळ पावणेदहाची. गाडी चुकली की पुढच्या गाडीची खात्री नाही, आणि लेटमार्क मात्र खात्रीचा. एसटीत पुढं आमदारांसाठी राखीव आसन लिहिलेलं असतं. एवढ्या वर्षांत त्या आसनावर मी भाजीची पोती बघितली, नववीतली पोरं बघितली, एकदा बांधलेली कोंबडी बघितली. आमदार बघितला नाही. त्यांना एसटी फुकट असूनही.

आता मुंबईचं बोलू. मुंबईकरांशी माझं भांडण नाही, लोकलला लटकून जाणाऱ्यांचे हाल मी जाणते. पण अंतर बघा. सीएसएमटी ते कल्याण साधारण ५४ किलोमीटर, आमच्या गगनबावड्याएवढंच. तिथं दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास सव्वातीनशेच्या आसपास, आणि भत्ता २७००. इथं खर्च पाच हजार, आणि भत्ता १३५०. जिथं लोकल आहे, मेट्रो आहे, बेस्ट आहे तिथं दुप्पट. जिथं काही नाही तिथं निम्मं. हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

दुसरी गंमत. घरभाड्यासाठी कोल्हापूर 'वाय', म्हणजे मधल्या वर्गातलं शहर. वाहतुकीसाठी तेच कोल्हापूर 'इतर ठिकाणे', म्हणजे कोल्हापूर आणि गगनबावडा एकाच ओळीत. त्यातही आमच्या नशिबी घरभाडे भत्ता कामाच्या ठिकाणचा, आणि घरमालक भाडं घेतो कोल्हापूरचं. "मग मुख्यालयी राहा," हे तुमचं ठरलेलं उत्तर. सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं. त्याची सोय मुख्यालयी करून द्या, उद्या ट्रक लावते. तिथली निवासस्थानं बघून आलात तर तुमच्या सुरक्षारक्षकांना बाहेरच थांबवा, छत कधी खाली येईल सांगता येत नाही.

कुंभी नदीला पूर आला की मांडुकलीला रस्त्यावर पाणी येतं आणि गगनबावड्याची वाहतूक बंद होते. तेव्हा आपत्ती म्हणून रजा रद्द. म्हणजे रस्ता बंद असताना हजर राहायचं. कसं, ते परिपत्रकात नसतं. २०१९ ला आणि २०२१ ला हे घरी नव्हते, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी होतं. सासूबाई, मी आणि पोरगा. त्या वर्षीचं मी सांगत बसले तर हे पत्र संपायचं नाही.

याच कोल्हापुरात पोस्टात किंवा रेल्वेत काम करणाऱ्या केंद्राच्या वरिष्ठ लिपिकाला 'इतर ठिकाणी' १८०० मिळतात, आणि त्यावर महागाई भत्ता. ५५ टक्के धरला तर २७९०. राज्यात महागाई भत्ता वाढला की पेपरात बातमी येते, 'कर्मचाऱ्यांची चांदी'. वाहतूक भत्त्याला ती चांदी लागत नाही. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून, आणि सुधारित वाहतूक भत्ता मात्र १ एप्रिल २०२२ पासून. मधल्या सव्वासहा वर्षांची थकबाकी? विचारू नये. शिवाय पूर्वी महिन्याला सोळाशेपर्यंतचा वाहतूक भत्ता करमुक्त होता, ती सवलत २०१८ मध्ये गेली. तो केंद्राचा विषय, माहीत आहे. खिसा मात्र एकच.

पैसे नाहीत म्हणता. जून २०२५ मध्ये शक्तिपीठ महामार्गाला मंत्रिमंडळानं २० हजार ७८७ कोटी मंजूर केले. कोल्हापूरच्या शेतकऱ्यानं मागितला नाही, उलट नको म्हणून रस्त्यावर उतरला, तो रस्ता जबरदस्तीनं देणार. आणि जो आहे त्या गगनबावड्याच्या रस्त्यावर माणसाचा पाय मोडतो. वैभववाडीची रेल्वे तर माझं लग्न झालं तेव्हापासून येतेच आहे. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी चाळीस वर्षं भांडलो तेव्हा कुठं २०२५ मध्ये मिळालं. वाहतूक भत्त्यासाठी चाळीस वर्षं थांबायची आमची तयारी नाही, तेवढी नोकरीच नसते.

लाडक्या बहिणीला महिन्याला १५००. बायकांच्या हातात पैसे येतात, चांगलंच आहे, माझ्या धाकट्या जावेला मिळतात. मला मिळत नाहीत, कारण घरात सरकारी नोकर. त्या नोकराला कामावर जायला तुम्ही देता १३५०. म्हणजे आमच्या घरात सगळ्यात लाडकं कुणीच नाही.

आता ते काठी घेऊन कामावर जातात. मोटरसायकल चालवता येत नाही, एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून वडाप, म्हणजे माणसं भरून जाणारी खाजगी जीप. पाय सरळ ठेवावा लागतो, त्याला दोन माणसांची जागा लागते, आणि वडापवाला दोन माणसांचे पैसे घेतो. त्याचं काही चुकत नाही. दिव्यांग कर्मचाऱ्याला भत्ता दुप्पट आहे असं मी वाचलं आणि हुरळून चौकशी केली. त्याला कायमच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. हे बरे होणार आहेत, म्हणून बसत नाही.

मागणं एवढंच. भत्ता शहराच्या नावावर देऊ नका, अंतरावर द्या. केंद्रासारखी त्यावर महागाई चढू द्या. आणि कामावर येता-जाता अपघात होऊन जो रजेवर गेला, त्याचा भत्ता कापू नका. त्या पोरीचे ६७५ आधी वाढवा, आमचं मागून बघा. कंत्राटी म्हणून राबणाऱ्यांना यातलं काहीच मिळत नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी वेगळं पत्र लिहायला हवं. आठवा वेतन आयोग येतोय, त्यात बघू, असं सांगू नका. सातव्यात काय बघितलंत ते आम्ही बघितलं.

एक विनंती शेवटची. या पत्रावर 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा मारून ते जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला असं खाली पाठवू नका. त्यांच्या कार्यालयातली आवक-जावक नोंदवही माझ्या मिस्टरांच्याच टेबलावर असते.

आपली,
एका वरिष्ठ लिपिकाची बायको
फुलेवाडी, कोल्हापूर